हळद

सगळ्यात आधी कळलं ते केयूरला.
दुसरी ‘ब’मधला. पुढच्या सीटचा हट्ट त्याचा.
म्हणाला, मावशी, खालून भाजतंय.
ओम्नीचं इंजिन सीटखालीच असतं,
हे त्याला कुठे सांगत बसू. म्हटलं, ऊन आहे.
ऊन नव्हतं. सकाळचे पावणेसात, रबाळ्याचा सिग्नल,
आणि काटा अर्ध्यावरून उठून
लाल रेघेकडे सरकत होता,
लग्नातून लवकर निघायचं असलेला माणूस
दाराकडे सरकतो तसा.

वारा लागला की उतरायचा.
थांबलं की चढायचा.
आठवडाभर मी सिग्नल चुकवत
तळवलीच्या गल्ल्यांतून पोरं पोचवली.
रोज लिटरभर पाणी प्यायची गाडी
आणि जमिनीवर थेंब नाही.
रात्री खाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरायचे,
सकाळी कोरडा.
एकदा डाग दिसला. गुडघे टेकून हुंगला.
मांजर.

मग दिवागावातला तांडेल.
गॅरेजला पाटी नाही, मागे लगेच खाडी.
तिथे उपड्या घातलेल्या होडीच्या बुडाला डांबर लावत होता.
न उठताच म्हणाला, गार होऊ दे.
तापलेल्याचं झाकण उघडायचं नसतं,
आणि कोपर वर करून दाखवलं:
केस न उगवणारी, गुळगुळीत, गुलाबी वीतभर जागा.
तासभर मी टायरवर बसून होते.
हातातला ब्रश न थांबवता तो म्हणाला,
हिच्यात पाणी आत येतं, तुमच्या गाडीचं बाहेर जातं.
शोधायचं भोकच.

सीट उचलली.
ऑइलच्या झाकणाखाली बोट फिरवलं,
साय नाही. म्हणजे हेड शाबूत.
होज दाबत गेला एकेक,
क्लॅम्पच्या कडेला पांढरी खपली शोधली,
नळाच्या तोंडाशी धरते तशी. नाही.
पंखा फिरत होता. बेल्ट ठीक.
मग गाडी चालू ठेवून पंपाखाली बॅटरी धरली:
हे बघा.
एक बारीक भोक. कंपनीनंच ठेवलेलं,
आतलं सील गेलं की रडायला.
थेंब यायचा, तापल्या लोखंडावर पडायचा,
चुर्र.
खाली पोचतच नव्हता.

पण तेवढ्यानं इतकी तापायची नाही, म्हणाला,
आणि पुन्हा गार होईपर्यंत होडीकडे गेला.

रेडिएटर सोडला तेव्हा बादली मी धरली होती.
हिरवं येईल वाटलं, फार तर गंजाचं तांबडं.
आला तो पिवळा गाळ, पिठल्याइतका दाट.
तांडेलनं चिमटीत धरून वास घेतला,
आणि पहिल्यांदाच हसला.
ताई, हिला हळद लागलीय.

विकायच्या आधी घालतात, म्हणाला.
मूठभर. फुगून बसते भोकात,
दोन महिने गळत नाही.
मग जाळीच बुजते.

दोन महिने.
मोजायला बोटं लागली नाहीत.
माघात घेतली उल्हासकडून, सख्खा मावसभाऊ.
घरातली गाडी घरात राहील म्हणत
आपणहून पाच हजार कमी केले होते.
वहिनीनं नंबरप्लेटच्या वर हळदकुंकू लावलं,
मी पेढे दिले, त्यानं दोन उचलले.

फोन काढला.
त्याच्या नावाशेजारच्या फोटोत हीच गाडी,
दारात त्याच्या दोन्ही पोरी.
तांडेल पाण्याची नळी जोडत होता.
गाडी एव्हाना गार झाली होती. मी नव्हते.
फोन पिशवीत परत टाकला.

सात बादल्यांनंतर पाणी पाण्यासारखं आलं.
नवा पंप, नवं झाकण, दोन क्लॅम्प त्यानं फुकट दिले.
आता रबाळ्याला काटा अर्ध्यावर असतो.
बघते तरीही. पुठ्ठाही अंथरते.

हात दोन दिवस पिवळे होते, नखांत तर आठवडाभर.
शाळेच्या गेटवर केयूरच्या आईनं विचारलं,
घरी लग्न होतं का कुणाचं?
म्हटलं, हो.
नात्यातलंच.