पंखा बंद

एप्रिलात आम्ही पंखा लावत नाही.
पिसं उडतात.

मोहननगरात, फ्रान्सिस सरांच्या मागच्या खोलीत
टेबलाला आवळलेले चार छोटे शेगडे,
चार बाया, एकेकीपुढे दिव्याचं वर्तुळ,
आणि शेगड्यात धरलेला दहा नंबरचा गळ.
सुईला नेढं असतं, गळाला डोळा.
डोळ्यात डिंक जाऊ द्यायचा नाही.
गेला की माल परत.

मोमीनपुऱ्यातून आलेलं कोंबड्याच्या मानेचं पीस,
शेपटीला तीन केस,
अंगाला रेशमाचे अकरा वेढे, रंग
हळदीत चिमूटभर राख मिसळावी तसा.
झाली माशी.
डझनाला चाळीस रुपये.

खरी माशी, सर सांगतात,
दोन वर्षं तळाच्या गाळात काढते,
मे महिन्यात वर येते, पंख वाळवते,
आणि दिवसा-दोन दिवसांत मरते.
तिला खायला तोंडच नसतं.
पार्बताबाई म्हणाली, बरंय की,
डबा नको आणायला.

तळं आयर्लंडात आहे.
आपल्या अंबाझरीएवढी किती मावतील, विचारलं तर सर
नुसते हात पसरतात, आणि खोली संपते.
तिथल्या ट्राउटचं बीज कुठल्या सोसायटीनं सोडलेलं नाही,
ते आपले आपण आहेत,
जास्त उकळलेल्या चहाच्या रंगाचे,
कुशीवर लाल ठिपके, ठिपक्याभोवती फिकट कडं,
दंडावरच्या देवीच्या वणासारखं.
वारा नसला तर वर येत नाहीत म्हणे.
पाणी काचेसारखं पडून राहिलं
की होडीतली माणसं वल्ही आत घेतात
आणि वाऱ्याची वाट बघत बसतात,
दिवसच्या दिवस.

आम्ही इथं चव्वेचाळीस डिग्रीत
वारा बंद करून बसतो.

बाप माझा धिवर.
त्याला एक माशी दाखवली.
चष्म्याजवळ नेली, फुंकर मारली, परत दिली.
“माशाले पीस कायले दाखवता व देवके?
कणकेची गोळी नाई समजत काय त्याले?”

मग सरांच्या मोबाइलवरून घेतलेला फोटो दाखवला:
लोकरी टोपीतला म्हातारा, हातात ओला मासा,
माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात माझी माशी.
माझीच. शेपटीचा तिसरा केस मी जरा लांब ठेवते,
सर रागावतात, तरी ठेवते.
फोटो काढून मासा सोडून दिला, असं खाली लिहिलेलं.
बाप बराच वेळ गप्प.
“सोडून देल्ला?”
आणि जेवताना, वरणात हात तसाच ठेवून,
“मंग धरला कायले?”

परत आलेल्या मालातली एक माशी
मी घरी आणली. डोळा पिनेनं मोकळा केला.
रविवारी संध्याकाळी बापाच्या वेळूला बांधून
अंबाझरीच्या मागच्या अंगाला गेले,
जिथं फुगेवाले येत नाहीत.
पाणी उतरलेलं. काठाच्या गाळाला भेगा.
फेकता येईना.
माशीला वजनच नसतं, वजन दोरीचं असतं,
ती दोरी वेगळी, ती आपल्याकडे नाही.
दोनदा बेशरमाच्या झुडपात अडकली, एकदा माझ्याच पदरात.

मग बसली.
पाण्यावर. बुडाली नाही.

सात वर्षांत किती हजार बांधल्या, त्यातली
एकही मी पाण्यावर पाहिली नव्हती.
पंख उभे.
पायांखाली पाण्याला सुईच्या टोकाएवढे खळगे.
तिसरा केस लांब, आणि त्यामुळेच, मला वाटलं,
ती कलंडत नव्हती.
पलीकडच्या काठाकडून थोडं काहीतरी हललं,
पाण्याची कातडी सुरकुतली,
आणि ती चालायला लागली.

एक चिलापी वर आली. बघितलं. खाली गेली.
मी वेळू उचलणार, तर मागे
बाप उभा, चपला हातात घेऊन,
कधीपासून कोण जाणे.
“नोको ओढू,” म्हणाला.
“राऊ दे जराशी.”