रकाना

कॉलेजच्या गच्चीवर एक यंत्र सूर्याकडे तोंड करून असतं,
त्याची काच पुसायचा मला पगार मिळतो.
मार्केट यार्ड तिथून हाकेवर.
माघ लागला की काचेवर पिवळं बसतं,
मी मऊ फडक्यानं टिपते, वहीत लिहिते:
काच पुसली, ९.१०.
कशानं माखली होती, ते लिहायला वहीत जागा नाही.

वर सातशे किलोमीटरवर एक दिवा फिरतो.
सेकंदाला वीस वेळा हिरवा झोत सोडतो खाली,
आणि परत आलेल्या उजेडावरून सांगतो
कुठल्या उंचीला काय तरंगतंय.
धूर. वाळवंटाची धूळ. समुद्राचं मीठ.
गोल कण उजेड आला तसा परत करतो,
खडबडीत कण त्याला पीळ देऊन पाठवतो.
एवढ्यावर ओळख पटते म्हणे.
हळदीला रकाना नाही.

हे मी दस्तगीरचाचांना सांगितलं, चहाच्या गाड्यावर.
चाळीस वर्षं पॉलिशच्या ड्रमवर,
पापण्यासुद्धा पिवळ्या, खोकला वेगळाच.
"म्हंजे पेवातला कंदील की," ते म्हणाले.
हरिपुरात पोरवयात ते पेवात उतरायचे.
तोंड फोडून वारं घ्यायला ठेवायचं,
मग दोरीनं कंदील सोडायचा,
काठावर पालथं पडून बघायचं.
जळत राहिला तर माणूस. विझला तर कुणी नाही.
"हितं उलटं झालंय बघा. आपण बुडाशी,
आन् काठावर कोण पालथं पडलंय ते दिसत न्हाई."

मग हिशेब केला.
सोळा दिवसांत एकदा ती वाट यार्डावरून जाते,
रुंदी शंभरेक पावलं.
दुपारी दीडला: ड्रम बंद, हमाल भाकरीला.
रात्री दीडला: शटरला कुलूप.
म्हणजे इतकी वर्षं आमच्या नावावर
बरी हवा मांडली जात असणार.
चाचा हसले, हसता हसता खोकले,
"किल्ली माझ्याकडंच असती," एवढंच म्हणाले.

त्या रात्री मी गच्चीवर, ते गोदामात.
एक पंचविसाला दोन्ही शटर वर गेली.
खडखडाट. आत हळकुंडं एकमेकांवर घासून
साल सोडत होती,
दारातल्या बल्बभोवती पिवळा घुमट.
तेवढ्यात आयर्विन पुलाकडनं धुकं आलं,
एकेक दिवा गिळत, सावकाश,
गच्चीच्या कठड्यापर्यंत आलं आणि थांबलंच नाही.
एक एकतीस. डोक्यावर काहीच झालं नाही.
हिरवं तर नाहीच.
फोन वाजला. "मगदूमबाई, आला?"
"गेला."
"बरं," म्हणाले, आणि ड्रम आणखी दहा मिनिटं चालला.

तीन आठवड्यांनी आलेख मिळाला.
माणच्या वर फिकट तपकिरी.
विट्याच्या दक्षिणेला धुराची पातळ घडी,
कुणीतरी पाचट पेटवलं असेल.
सांगलीशी एक जाड पांढरी रेघ,
आणि तिच्याखाली काळं.
काळं म्हणजे घाण नव्हे.
काळं म्हणजे उजेड इथवर पोचला,
पुढचं ठाऊक नाही.

छापून नेला.
चाचांनी त्या काळ्यावर अंगठा टेकवला.
"विझला की ओ कंदील."
जरा वेळानं, "पर आमी उतरलो हुतो."

अंगठा उचलला तेव्हा कागदावर पिवळा ठसा.
फडकं खांद्यावरच होतं.
तसंच राहू दिलं.