कोरलेलं ते कोरं

सार्डिनचं डोकं एका वारात उडवायला
मला सोळाव्या वर्षी आठ दिवस लागले.
मग हात बसला.
बसला तो बसलाच, एकतीस वर्षं.
कारखान्याला कुलूप लागलं तरी
घरी पाव कापताना
अंगठा आपोआप कल्ले शोधायचा.

त्याच कारखान्यात आता दर गुरुवारी
इरिया आम्हाला लिनोवर कोरायला शिकवते.
सव्वीस वर्षांची, गालिसियाहून सेतुबालला आलेली,
नखांत कायम शाई.
पहिल्याच दिवशी म्हणाली,
"फेलिझबेला, जे कोराल ते कोरं राहील.
जे सोडाल तेवढंच उमटेल."
मनात म्हटलं, पोरी,
हे मला संसारानं कधीच सांगून ठेवलंय.

आम्ही नऊ जण.
झेफेरिनु बंदरावर क्रेन चालवायचा,
सहा वर्षं झाली, क्रेनच कोरतो.
कुश्तोदिया संत करते,
आणि तिच्या प्रत्येक संताला तिच्या भावाचं नाक येतं.
तेल्मु शाळेतून थेट येतो, बोलत नाही,
छापयंत्राचं चाक फिरवतो,
कागद कुणाचाही असो,
श्वास धरून उचलतो.

माझं पहिलं चित्र: डब्यातल्या पाच सार्डिन.
एकही रेघ वाकडी नाही.
इरियानं ते उजेडाकडे धरलं, बराच वेळ.
"स्वच्छ आहे," म्हणाली.
पुढे काहीच नाही.
पुलापर्यंत मी तिच्याशी भांडत गेले, तोंड न उघडता.
स्वच्छ नाही तर काय हवं?
आमच्या पाठीशी मुकादमीण उभी असायची, डबे मोजत,
वाकडा काप म्हणजे पगाराला काप.

दुसऱ्या वर्षी मला भोंगा कोरायचा होता.
कारखान्या-कारखान्याचा भोंगा वेगळा.
रात्री दोनला होड्या लागल्या
की अख्खी गल्ली अंथरुणात कान टवकारायची:
त्यांचा की आमचा?
आमचा असला की आई
अंधारातच लाकडी तळव्याच्या सपाता पायांत सरकवायची.
मागोमाग मी.

पण आवाज कोरायचा कसा?
"क्रेन काढ," झेफेरिनु म्हणाला,
"तिलाही भोंगा असतो."

चार गुरुवार नुसता भुगा.
पाचव्याला मी आई घेतली,
खिडकीत, अर्धवट झोपेत, मान जराशी वर.
आणि कानापाशी कोरणी निसटली.
गेली ती रात्र चिरत
पार कडेपर्यंत.

एकतीस वर्षांत माझ्या हातून पातं निसटलं नव्हतं.
मी तो तुकडा कचऱ्यात टाकला,
हात धुतले, कोट घातला.

तेल्मुनं तो पेटीतून काढला.
भुगा फुंकला. शाईचा रूळ फिरवला.
कागद. चाक.
मग एका कोपऱ्यानं, श्वास धरून, उचलला.

काळीकुट्ट रात्र.
छापात आई उलटी वळली होती, समुद्राकडे,
आणि कुठूनतरी येऊन
तिच्या कानात शिरणारी एक पांढरी रेघ.

कुणी काही बोललं नाही.
मग कुश्तोदिया, जी पॅकिंगच्या टेबलावर
बावीस वर्षं माझ्या डाव्या कोपराशी बसली,
हळूच म्हणाली,
"आमचा."

मे महिन्यात ते चित्र भिंतीवर लागलं,
एका क्रेनच्या आणि एका नाकाच्या मधोमध.
चष्मेवाल्या एका पाहुण्यानं विचारलं,
ही रेघ मुद्दाम काढलीत का?
हो म्हटलं.

खोटं बोलले, म्हणून पुढच्या गुरुवारी
तशी रेघ मुद्दाम काढून पाहिली.
नाही जमली. आणखी दोनदा, तरीही नाही.
इरिया शेजारी येऊन उभी राहिली,
यावेळी स्वच्छ म्हणाली नाही,
नवा तुकडा पुढे सरकवला.

कोट अजून खुंटीवर आहे.
बाहेर साडेसात वाजलेत, शेवटची बस आठची.
हात काही बसत नाही.
न बसो,
इतक्यात तरी.