मांजराचं माप

काठ होता साडेचार इंच.
मोजायची गरज नव्हती, तरी मोजला.
एकतीस वर्षं भूमिती शिकवली आहे,
हात आपोआप पट्टीकडे जातो.

साडेचार इंचात कोरफडीची एक कुंडी बसते
आणि तिच्या शेजारी मांजराचा फक्त विचार.
मोहरी बसायची ती अशी:
पुढचे दोन पाय काठावर, मागचे हवेत हिशेब करत,
आणि आठवड्याला एक कुंडी फरशीवर.
पानओवा तीनदा मोडला नि तीनदा फुटला.

बिल्डरला वाटलं असेल, खिडकी बाहेर बघायला असते.
ग्वाल्हेरच्या जानेवारीत तसं नसतं.
अकरा वाजून गेले तरी धुकं हटत नाही,
मग ऊन येतं, जेमतेम दीड तास,
उशिरा आलेल्या पोरासारखं दारात घुटमळत,
आणि ते जिथे टेकतं
तिथे कुणालातरी टेकता आलं पाहिजे.

शाळेने मोडकी बाकं लिलावात काढली.
एक मी घेतलं, एकशे साठ रुपयांना:
नववी ब, खिडकीकडची रांग, शेवटून दुसरं.
टेम्पोवाल्याला वाटलं, बाई हळव्या झाल्या.
मला फळी हवी होती. साग आहे, जुना,
असला आता औषधालाही मिळत नाही.

शिंदे की छावनीहून अच्छेलाल मिस्त्री आला.
“बिल्ली कितनी बड़ी है, मैडमजी?”
इतका नेमका प्रश्न
वर्गात मला कधी कुणी विचारला नाही.

मोजायला बसले.
झोपलेली मोहरी म्हणजे वर्तुळ, व्यास अकरा.
अर्ध्या तासाने लंबवर्तुळ.
उन्हात तिचा रेषाखंड होतो, सव्वीस इंच,
शेपटी धरली तर किरण,
एका बाजूने अनंत.
खजांची, आमचा एकडोळ्या बोका,
टेप दिसताच टेपवरच बसला.
मी लिहून दिलं: रुंदी तेरा.
उरलेलं त्यांचं ते बघतील.

अच्छेलालने रंधा उचलला आणि थांबला.
फळीभर नावं, कर्कटकाच्या टोकाने कोरलेली.
विनोद. भदौरिया. बाण घुसलेला बदाम.
आणि कोपऱ्यात, माझ्याच वळणाच्या सुबक अक्षरात,
“मुळ्ये मैडम न सोतीं, न सोने देतीं।”
“घिस दूँ?”
मी म्हटलं, उलटी लाव.
नावांत कुंड्यांचं पाणी साठेल,
एवढंच कारण दिलं.

खाली दोन लोखंडी कोन.
त्रिकोण हलत नाही, हे फळ्यावर किती वेळा सिद्ध केलं,
ड्रिल भिंतीत शिरताना मात्र डोळे मिटले.
आधी नुसती वाळू गळाली.
मग लाकडी गुट्टी, मग लांब स्क्रू,
मग अच्छेलाल स्वतः फळीवर बसून चहा प्यायला.
हीच त्याची गॅरंटी.

कुंड्या डावीकडे, मांजरं उजवीकडे.
मी मनात एक उभी रेघ मारली.
चार दिवस कुणी फिरकलं नाही.
मोहरी बाकाच्या उरलेल्या सांगाड्यात निजली,
खजांची भुशाच्या पोत्यावर.

पाचव्या दिवशी धुकं फाटलं बारा दहाला.
बघते तर रेघ कुठेच नाही:
पानओव्याच्या कुंडीला वळसा घालून मोहरी,
मोहरीला वळसा घालून खजांची,
वर्तुळात वर्तुळ, केंद्र एकच.
जागा करताना कोरफड पाडलेली. अर्थात.

माती भरायला खाली बसले.
गुडघा काही उठू देईना,
मग आडवीच झाले गार फरशीवर,
आणि वर पाहिलं तर सगळे हजर.
विनोद. भदौरिया. बाण घुसलेला बदाम.
माझ्या डोक्यावर अख्खा वर्ग उलटा टांगलेला,
आणि फळीच्या पलीकडे, भर तासाला,
कुणीतरी बिनघोर घोरतंय.

उठवलं नाही.