हातचे त्रेसष्ट

पाणी-खात्यानं मला दिलेलं सामान:
लिहायची एक फळी, दोन पेनं, पन्नास छापील फॉर्म
आणि मोटरसायकलचं भाडं. फक्त जायचं.

त्से-आग्बेर गाव. हरमटानचा तिसरा आठवडा.
वाऱ्याला वाळवंटाची चव,
आंब्याची पानं कुणी पिठात घोळल्यासारखी.
चौथऱ्यावर बोअरवेल. उद्घाटनाची पाटी
अजून चकचकीत. दांडा मात्र नाताळपासून
हापसला की नुसता खोकतो.

म्लुमुन याम कांडत होती.
मुसळ न थांबवता म्हणाली, विचार.

प्रश्न अकरा : रोज पाणी किती आणता?
"चार डोकी."
म्हणजे चार पिवळे कॅन, पंचवीस-पंचवीसचे.
दोन तिच्या डोक्यावर, एक थोरल्या इएम्बेरच्या,
एक धाकटीच्या, अर्धा-अर्धा, दोन खेपांत.
ओढा सव्वा तासावर. धाकटीची शाळा
दुसऱ्या तासाला सुरू होते. असं तीच म्हणाली,
तोंडाला अजून फेस होता दातवणाचा.

मी लिहिलं : शंभर लिटर.

प्रश्न बारा : कशाला किती?
तिच्याकडे लिटर नव्हता.
कडेचा टवका उडालेला एक एनॅमलचा वाडगा होता.
तिनं बोटं मोडत सांगितलं, मी गुणाकार करत गेलो :
पिण्याला बारा. रांधायला अठरा.
याम धुवायला दहा. अंघोळी तीस,
त्यातली सासूची कोमट.
कपडे वीस, भांडी पंधरा.
कसावा भिजत घालायला वीस. बकऱ्यांना आठ.
मिरचीच्या रोपांना दहा. अंगणात शिंपायला दहा.
आणि नव्या भिंतीच्या मातीला,
"हो, तेही लिही, भिंत काय कोरडी उभी राहते?"
दहा.

वरून पावडर दुधाच्या डब्यात मला पाणी दिलं.
मी प्यालो. ते पिण्याच्या बारांत धरायचं का,
हे फॉर्ममध्ये नव्हतं.

कार्यालयात इयोर्टिम साहेबांनी लाल पेन काढलं.
आणलं शंभर, खर्च एकशे त्रेसष्ट.
"ताळा बसत नाही.
ही बाई खोटं बोलते, नाहीतर तुला बेरीज येत नाही.
कुठेतरी पाणी मुरतंय."

मुरतंयच, साहेब.
यामचं पाणी कसाव्यात मुरतं,
कसाव्याचं बकऱ्यांच्या पोटात,
कपड्यांचं दुसरं पाणी भांड्यांना, भांड्यांचं मिरचीला.
सासू बसते त्या दगडाखाली परात असते,
ती परात भिंतीकडे जाते.
एकच लिटर सकाळपासून चार घरकामं करतो
आणि संध्याकाळी मातीत झोपतो.
शाळेत शिकवलेला हातचा हाच असावा :
वर लिहायचा, खाली विसरायचा नाही.

हे मी बोललो नाही.
साहेबांच्या मागं बेसिन होतं, त्यात फायली.
नळाच्या तोटीला कुणीतरी चावी अडकवली होती.
टेबलावर प्यायच्या पाण्याच्या पिशव्या,
एकेक दातानं फोडायची, अर्धी पिऊन टाकायची.

"एक रकाना, एक उपयोग," साहेब म्हणाले.
"शंभरावर आण. अबुजाला पाठवायचंय."

खोडरबर नव्हतं. पेनानं गिरवत बसलो.
बकऱ्यांपासून सुरुवात केली, त्या तक्रार करत नाहीत.
मग मिरची. अंगण. भिंत कोरडीच उभी केली.
कसावा काढला तेव्हा
अजून पाच उरले होते.

पाच लिटर. एक वाडगा.
अंघोळी तीसच्या पंचवीस केल्या
आणि कुणाची कमी केली
ते बघायला मान वर केली नाही.

फॉर्म मंजूर झाला.
निष्कर्षात छापून आलं :
त्से-आग्बेर, पुरवठा आणि वापर
समसमान.