कानाला खडा

अराबा, थांब. आवाज चालू असताना वायर खुपसू नकोस.
आधी माझ्याकडची पट्टी खाली, मग तुझी वायर आत,
नाहीतर असा ठोका बसतो
की पहिल्या रांगेतली पोरं आयांच्या कुशीत शिरतात.
हं, आता लाव.

ही भुणभुण ऐकतेस?
जनरेटरची आहे. पास्टर म्हणतात, जुन्या शीतगृहाची:
इथं पूर्वी टूना गोठवायचे, बर्फ गेला, गुणगुण राहिली.
पास्टरांचं काय.
अर्थिंगच्या दोन वाटा झाल्यात, एवढंच.
या काळ्या डबीच्या कडेला बटण आहे, दाब.
गेली?
उरला तो टेमा बंदरावरचा भोंगा,
त्याचं बटण माझ्याकडे नाही.

हे कानात घाल. वालाच्या दाण्याएवढं आहे, भिऊ नकोस.
सांग, ड्रम किती, गाणाऱ्या बायका किती,
तू स्वतः किती?
सगळे स्वतःला जास्त मागतात.
फीफीही मागायचा.

तुझ्याआधी या लाल कीबोर्डवर तो असायचा.
ईस्टरची आदली रात्र, माणसं पार रस्त्यापर्यंत,
कागदी पंखे, घाम, पावडरचा वास.
दुपारी त्याची उजवी वायर तुटली होती,
मी घाईत डाग दिला,
दोन नंबरची तार तीनला, तीनची दोनला.
तांदळाएवढी चूक.

फीफीला कसं कळणार?
डाव्या कानात डावी, उजव्या कानात उजवी,
या कानाचं त्या कानाला कळत नव्हतं.
पण बाहेरचे खोके एकसुरी, दोन्ही वायरी एकातच ओतलेल्या:
एक लाट म्हणे ये, दुसरी म्हणे जा,
मिक्सरच्या पोटात दोघी भेटल्या
आणि पियानो गेला.
अगदीच गेला नाही. डब्याच्या तळाशी
पाणी खळखळावं तेवढा उरला.

आणि तो वाजवत होता, अराबा!
डोळे मिटून, मान मागे टाकून.
प्रार्थनेच्या वेळी सगळे थांबले, तो एकटा वाजवत राहिला,
सहाएक मिनिटं,
हॉलमध्ये पंख्यांची फडफड आणि एक रडणारं बाळ.
मी पट्टी वर नेली. आणखी वर.
शून्याला कितीने गुणलं तरी काय.

नंतर आंटी कोर्कोरनं मला विचारलं,
आज पियानोवाला आला नव्हता का?
मी म्हटलं, मला काय माहीत.
हेडफोन गळ्यात होते, मी कानावर हात ठेवले.

तो घामानं निथळत आला, केंकीचा घास हातात,
म्हणाला, आज जमलं ना रे?
असं पूर्वी कधीच वाजलं नव्हतं.
मी म्हटलं, हो.

पुढच्या महिन्यात तो जहाजावर गेला, स्वयंपाकी म्हणून.
वायर मी त्याच रात्री उसवली, तारा सरळ केल्या.
ती बघ, पिवळी पट्टी चिकटवलेली. तुला नाही देणार.
अजून कधी त्याचा फोन येतो, वादळाबिदळाचं सांगतो,
मग हमखास, ती रात्र आठवते का तुला?
आठवते, म्हणतो मी.

तेव्हापासून कानाला खडा:
डावी एकच वायर.
आणि वाजवताना एक कान कधीतरी मोकळा ठेव,
डावा, उजवा, कुठलाही.

चल, काहीही वाजव.
मी आंटी कोर्कोरच्या बाकाशी जाऊन उभा राहतो.
ऐकू आलं तर हात वर करीन.
नाही आलं तर
तिथून ओरडेन, हॉलभर,
माझं नाव घेऊन.