तिसरी पिशवी

मंगळवारी कंपनीचा निरोप आला:
एक तारखेपासून एम्बरफेन सर्वांसाठी खुलं.
महिन्याची वर्गणी बंद.
तुम्ही जुने, म्हणून तुम्हाला
एक जांभळा घोडा सप्रेम भेट.

मी लॅबमध्ये होते, ग्रिम्सबीच्या गोदीमागे,
हातमोज्यांना हॅडॉकचा वास,
मोबाइल कोपरानं सरकवून वाचलं.
डबा खाताना हिशेब केला:
अकरा वर्षं, दरमहा आठ पौंड नव्व्याण्णव,
अकराशे शहाऐंशी पौंड, अडुसष्ट पेन्स.
एवढ्यात दुभती म्हैस आली असती,
असं आई म्हणाली असती.
तिला कधी सांगितलंच नाही
की मी तिकडे वैदू आहे,
रात्री नऊनंतर बुटक्यांच्या जखमा बांधते.

मग ग्लेनिस आठवली.

लेन हॅलम गेला चार वर्षांपूर्वी, मार्चमध्ये.
म्हणजे लॉरी चालवणारा, गुडघे गेलेला लेन.
तिकडचा तसाच आहे: उंची हातभर, दाढी कमरेपर्यंत,
नाव ऑर्विन,
टोळी लढाईला निघाली की हा धक्क्यावर गळ टाकून बसणार.
वर्गणी थांबली की खातं बंद,
म्हणून ग्लेनिस भरत राहिली.
दर रविवारी भांडी आवरून त्याच्या खुर्चीत बसते,
वहीतला पासवर्ड एका बोटानं टाइप करते
आणि त्याला धक्क्यावर उभं करते.
बास. चालवता येत नाही तिला.
मी जाऊन शेजारी उभी राहते.
पाणी हलतं.

फोनवर म्हणाली, "मग आता मी काय भरायचं?"

बँकेतली पोरगी हसून म्हणाली, चला, पैसे वाचले तुमचे,
आणि ग्लेनिसला तिथंच रडू फुटलं,
पेनाला साखळी बांधलेल्या टेबलापाशी.

एक तारखेला ही झुंबड.
फुकट ते पौष्टिक, हे त्यांनाही ठाऊक दिसतं.
विकतचे पंख लावलेली पोरं कौलांवर, झाडांवर, देवळाच्या घंटेवर.
एकानं ऑर्विनच्या डोक्यावर उडी मारून विचारलं,
हा खरा आहे का?
मी उत्तर टाइप केलं.
खोडलं.

आणि खाली बारीक अक्षरांत:
फुकट खात्याला पिशव्या दोनच.
तिसरीला कुलूप, उघडायला चाळीस माणकं.
माणकं दुकानात, तीन पौंड एकोणपन्नास.

"तिसरीत काय आहे?"
मला काय माहीत.
पिशव्या उघडतात, हेच तिला आज कळलं होतं.

शनिवारी बसनं तिच्याकडे गेले क्लीथॉर्प्सला.
ती नको नको म्हणत असताना माझं कार्ड घातलं.
कुलूप टिंग करून पडलं, त्याचाही आवाज ठेवलाय त्यांनी.

कॉड.
नुसते कॉड, ओळीनं मांडलेले, दोनशे बारा.
एकही विकला नव्हता.
बाजार दहा पावलांवर, भाव चांगला,
आणि एकही नाही.
तळाशी एक फाटका बूट,
कधीतरी गळाला लागलेला, तोही ठेवून दिलेला.

ग्लेनिसनं चष्मा पुसला, स्क्रीनला नाक लावलं.
तिचा बाप आइसलंडच्या पाण्यात कॉड धरायचा,
आता बंदरात ती बोट नाही,
बोटीचं नाव माहीत असलेलंही कोणी नाही.
बराच वेळ एकेक बघत राहिली,
जसं काही दोनशे बारा वेगवेगळे होते.
मग मला विचारलं, कारण माझं कामच ते,
"ताजे असतील का गं अजून?"

मी रोज क्रेटच्या क्रेट परत पाठवते.
डोळे बघते, कल्ला उचलते, बोटानं दाबून खड्डा भरतोय का बघते.
नाकावर पगार आहे माझा.

"आहेत," म्हटलं.

ती किटली लावायला उठली.
धक्क्यावर माझा जांभळा घोडा
फुकटचं गवत खात उभा होता.